ग्लॉक्सिनिया : ओसरीवरील कंदाचें फुलझाड

शेतकऱ्यांच्या मासिकांत कुंडींतील फुलझाडावर लेख कशाला, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर असें कीं, हें झाड आपण शहराच्या बाजारांतून चांगले पैसे मोजून आणतों, महिना दीड महिना त्याच्या मखमली फुलांचें कौतुक करतों, आणि पानें पिवळीं पडूं लागलीं कीं झाड मेलें असें समजून कुंडी उकिरड्यावर रिकामी करतों. वास्तविक तें मेलेलें नसतें. तें झोंपीं जात असतें. सुरणाचा किंवा हळदीचा पाला वाळला म्हणून कोणी शेतकरी त्या पिकाची आशा सोडीत नाहीं. मातींत कंद आहे हें तो पुरतेपणीं जाणतो. ग्लॉक्सिनियाचेंहि अगदीं तसेंच आहे. परंतु शेतांत जें ज्ञान आपल्या अंगवळणीं पडलें आहे, तें ओसरीवर येतांच आपण विसरतों. आणि ज्या कंदानें आणखी कित्येक वर्षें फुलें दिलीं असतीं, तो एका हंगामांत गमावतों. झाड कुजवून मारणारे लोक तर याहून अधिक. झोंपलेल्या कंदास ते रोज नेमानें पाणी घालतात, आणि मग नर्सरीवाल्यानें फसविलें असें म्हणतात.

हें झाड मूळचें ब्राझील देशांतील. रिओ दि जानेरो शहराच्या आसपासच्या डोंगराळ व दमट अरण्यांत, खडकांच्या सांदींत तें आपोआप उगवतें. लंडनजवळ हॅक्नी येथें लॉडिजेस यांची प्रसिद्ध रोपवाटिका होती. तिनें १८१७ सालीं या झाडाचें वर्णन 'ग्लॉक्सिनिया स्पेसिओसा' या नांवानें छापलें. ग्लॉक्सिन नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ ठेविलेलें हें नांव. पुढें शास्त्रज्ञांच्या ध्यानांत आलें कीं, खऱ्या ग्लॉक्सिनिया वंशांतील झाडांस आल्यासारखे आडवे व खवल्यांचे गड्डे असतात; या झाडास मात्र वाटोळा, वरून किंचित् खोलगट असा कंद आहे. तेव्हां याची रवानगी सिनिंजिया नांवाच्या दुसऱ्या वंशांत झाली. विल्हेल्म सिनिंग हे जर्मनींतील बॉन विद्यापीठाच्या बागेचे माळी होते. पंडितांच्या यादींत एका माळ्याचें नांव कायमचें बसावें, ही गोष्ट आमच्या मतें फार योग्य झाली. असो. शास्त्रीय नांव बदललें तरी बाजारांत जुनेंच नांव चालतें, म्हणून येथेंहि तेंच ठेविलें आहे.

रानांतील मूळ झाडाचीं फुलें बहुधा जांभळट, लांबोडकीं व खालीं मान घातलेलीं असतात. १८४५ च्या सुमारास स्कॉटलंडांत फाइफ नांवाच्या एका माळ्याजवळ बियांपासून केलेल्या रोपांत एक निराळेंच फूल निपजलें. तें ताठ उभें, आकाशाकडे तोंड केलेलें व सर्व बाजूंनीं सारख्या पाकळ्यांचें असें घंटेसारखें होतें. आज कुंडींत आपण जें फूल पाहतों त्याचा आरंभ तेथें आहे. पुढें जांभळ्या फुलास पांढरी किनार असलेला 'कैसर विल्हेल्म', तांबड्यास पांढरी किनार असलेला 'कैसर फ्रेडरिक', ठिपक्यांचे, शुभ्र पांढरे, दुहेरी पाकळ्यांचे असे अनेक प्रकार निघाले. अलीकडील जनुकीय संशोधनावरून असें दिसतें कीं, हा सारा पसारा रिओ दि जानेरोजवळच्या एकाच रानटी समूहापासून झालेला आहे. बियाणें निवडून निवडून वाण सुधारणाऱ्या शेतकऱ्यास यांत नवल वाटणार नाहीं. तरी दोन शतकांच्या आंत माळ्यांनीं एका झाडाचें केवढें रूपांतर केलें, हें पाहण्यासारखें आहे.

या झाडाची जात आपल्याकडे अगदींच परकी नाहीं. पावसाळ्यांत सह्याद्रीच्या ओल्या कातळांवर, एका बाजूस कललेल्या पानांचें व निळ्या फुलांचें एक नाजूक झुडूप उगवतें. शास्त्रज्ञ त्यास रिंकोग्लॉसम म्हणतात. तें याच कुळांतील. आणि रानहळद व कळलावी यांचे कंद उन्हाळाभर जमिनींत निपचित पडून मृगाच्या पावसाबरोबर जागे होतात, हें तर प्रत्येकानें पाहिलेलें आहे. ग्लॉक्सिनियाचा स्वभाव त्यांच्यासारखाच. (कळलावीचा कंद विषारी असतो, याचा तसा लौकिक नाहीं, म्हणून लहान मुलें व मांजरें असलेल्या घरांत ठेवण्यास हरकत नाहीं.) खडकाच्या सांदींत माती थोडी, पाणी येतें तें लागलीच वाहून जातें, वरून झाडांची सावली, आणि कोरड्या दिवसांत कंदांत साठविलेल्या शिदोरीवर गुजराण, एवढें चित्र ज्यानें डोळ्यांपुढें ठेविलें त्यास पुढील बहुतेक सूचना न वाचतांहि सुचतील.

आतां हंगामाविषयीं, कारण आपल्याकडे बहुतेक घोटाळा येथेंच होतो. विलायती पुस्तकांत फेब्रुवारी-मार्चमध्यें कंद लावावा व उन्हाळ्यांत फुलें घ्यावीं असें सांगितलेलें असतें. तिकडील उन्हाळा म्हणजे आपला सौम्य पावसाळा, हें ध्यानांत न घेतां तें पंचांग येथें लावलें तर काय होतें तें पाहावें. लावणीपासून फुलापर्यंत साधारणपणें बारा ते चौदा आठवडे लागतात; म्हणजे ऐन वैशाखांत, जेव्हां पुणें-नगरकडे दुपारीं पारा ३८ अंशांवर चढतो व हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हां कळ्या येतात. त्या कळ्या तपकिरी होऊन जागच्या जागीं वाळतात. या झाडास १८ ते २५ अंश सेंटिग्रेड उष्णता व दमट हवा मानवते. ३० च्या वर तें कुरकुर करूं लागतें, आणि १५ च्या खालीं वाढ थांबते. देशावर अशी हवा केव्हां असते? मृगापासून हस्तापर्यंत. म्हणून देशावरील वाचकांनीं कंद रोहिणी नक्षत्रांत, म्हणजे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत, घरांतील सर्वांत थंड जागीं कुंडींत लावावा. मृगाची हवा आली कीं कोंब वर निघतो, आषाढांत पानें पसरतात, आणि गणपतीच्या सुमारास कुंडी फुलांनीं भरते.

हा नियम सर्व ठिकाणीं जसाच्या तसा लागू करूं नये. महाबळेश्वर-पांचगणीकडे उन्हाळा सौम्य असल्यामुळें विलायती पंचांगच अधिक जुळतें. तेथें माघ-फाल्गुनांत कंद लावून वैशाखांत फूल घ्यावें. पुढें धुकें व पाऊस यांचा मारा सुरू झाला कीं तेथें फूल टिकत नाहीं. नागपुराकडे रोहिणींतहि घर तापलेलें असतें, म्हणून पाऊस पडून हवा निवेपर्यंत कंद हलवूं नये. कोंकणांत व मुंबईस उष्णतेची भीति कमी, सडीची फार; तेथें मातींत वाळू वाढवावी आणि हवा खेळती ठेवावी.

कंद घेतांना तो टणक, निदान सुपारीएवढा, व वरच्या अंगास गुलाबी कोंबाचे डोळे दिसणारा असा घ्यावा. दाबून मऊ लागणारा किंवा आंबूस वास येणारा कंद फुकट मिळाला तरी घेऊं नये. पुष्कळ लोक कंद उलटा लावतात. वाटोळी बाजू खालीं व खोलगट बाजू वर, हें पक्कें ध्यानांत ठेवावें. कुंडी पांच-सहा इंच तोंडाची पुरे. मोठ्या कुंडींत ओल फार दिवस राहते व तीच कंदास बाधते. दोन भाग चांगलें कुजलेलें व चाळलेलें पानखत, एक भाग बागेची माती आणि एक भाग धुतलेली जाड वाळू, त्यांत मूठभर लोणारी कोळशाचा चुरा, असें मिश्रण करावें. पानखत न मिळाल्यास नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्यास बाजारांत कोकोपीट म्हणतात, तो भिजवून व पिळून घालावा. काळी चिकण माती मात्र मुळींच नको. कपाशीस ती सोनें, येथें ती विष. कंदाचा माथा मातीच्या पृष्ठभागाबरोबर येईल, फार तर अर्धा इंच झांकेल, इतकाच खोल ठेवावा. एकाहून अधिक कोंब आल्यास जोमदार असा एक राखून बाकीचे दोन इंचांचे झाले म्हणजे काढावे. वाळूंत खोंवल्यास त्यांनाहि मुळ्या फुटतात.

जागा उजेडाची, परंतु ऊन न लागणारी अशी हवी. पूर्वेकडील ओसरी उत्तम. सकाळचें कोंवळें ऊन तासभर लागलें तर हितच होतें. उजेड पुरेसा आहे कीं नाहीं हें पाहण्यास यंत्र नको. पानांच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरावा. सावली पडावी, पण तिच्या कडा स्पष्ट नसाव्या. सावली मुळींच न पडेल तर झाड उंच, लुकडें होऊन खिडकीकडे झुकतें. सावली ठसठशीत पडेल तर पानें करपतात. कुंडी दर दोन-तीन दिवसांनीं पाव वळसा फिरवावी, म्हणजे झाड चहूं बाजूंनीं सारखें भरतें.

पाण्याविषयीं थोडें विस्तारानें सांगणें जरूर आहे. पानें मोठीं, लवदार व गालिच्यासारखीं असतात. त्यांवर गार पाणी पडल्यास तेथें फिकट डाग उठतात व ते पुन्हां जात नाहींत. हा रोग नव्हे. उबदार पानाच्या पेशी एकाएकीं गार पाण्यानें दुखावतात, एवढेंच. म्हणून रांजणांतलें गार पाणी घालूं नये. घरांत ठेवून हवेइतकें झालेलें पाणी घ्यावें, व तें झारीनें वरून न शिंपडतां पानें हातानें उचलून कडेनें मातींत सोडावें. याहून चांगली रीत म्हणजे कुंडीखालील थाळींत पाणी ओतावें, अर्ध्या तासांत माती लागेल तेवढें ओढून घेईल, उरलेलें फेंकून द्यावें. थाळींत पाणी तुंबून ठेवणें म्हणजे भाताचें खाचर करणें. हें झाड भात नव्हे. वरची माती बोटास कोरडी लागली कीं पाणी द्यावें, आधीं नाहीं. आणखी एक गोष्ट. पाण्याअभावींहि पानें मलूल होतात आणि मुळ्या कुजल्यानेंहि मलूल होतात. माती ओली असून पानें लोंबलीं असतील तर पाणी घालणें हा उपाय नसून तेंच कारण होय. अशा वेळीं कंद उपसावा, सडलेला भाग स्वच्छ चाकूनें कापून टाकावा, जखमेस कोळशाची पूड लावून दोन दिवस सुकूं द्यावा, व नव्या कोरडसर मातींत पुन्हां लावावा. सड अर्ध्याहून कमी असली तर कंद बहुधा वांचतो.

खत हलकें द्यावें. शेणखत पाण्यांत भिजवून वरची निवळ घ्यावी, ती फिक्या चहाच्या रंगाची होईपर्यंत पातळ करावी, व कळ्या दिसूं लागल्यापासून दर पंधरवड्यास एकदां द्यावी. युरियाचा मोह टाळावा. नत्र फार झाल्यास पानें कोबीसारखीं माजतात आणि फूल येत नाहीं. पहिला बहर ओसरला कीं खालच्या जोडपानांच्या वर दांडा कापून पाहावा. जोमदार कंद असल्यास नवा धुमारा फुटून दुसरा, लहानसा बहर मिळतो. नच मिळाला तर हट्ट करूं नये.

ऑक्टोबराच्या अखेरीस, हवेंत गारवा व कोरडेपणा आला कीं, पानें पिवळीं पडूं लागतात. हाच तो क्षण, जेव्हां बहुतेक झाडें मारलीं जातात. पानें पिवळीं दिसलीं म्हणून खत व पाणी वाढविण्याऐवजीं खत अजीबात बंद करावें, आणि पाणी हळूहळू कमी करीत आणावें. हिरवीं पानें तोडूं नयेत. तीं आपलें सत्त्व कंदांत उतरवीत असतात, जसें हळदीचा पाला वाळेपर्यंत आपण काढणीस थांबतों. पाला आपोआप वाळून सुटला कीं कुंडी तशीच आडोशास, कोरड्या व अंधाऱ्या जागीं ठेवावी. धान्याच्या कोठीजवळ ठेवल्यास उंदरांची काळजी घ्यावी. कंद अगदीं ठणठणीत कोरडा पडल्यास सुरकुततो, म्हणून महिन्यांतून एकदां मातीस ओलाव्याचा हात लागेल इतकेंच, दोन-तीन चमचे, पाणी शिंपावें. विश्रांति निदान दोन ते चार महिन्यांची लागते. आपल्याकडे ती पुढें उन्हाळ्यापर्यंत लांबवावी लागते, आणि त्यांत एक अडचण आहे. कांहीं कंद आपलें आपण मार्चमध्येंच जागे होतात. कोंब दिसला कीं मग हुकूम झाडाचा. त्यास पुन्हां झोंपविण्याचा खटाटोप करूं नये. अशी कुंडी उजेडांत आणून पाणी सुरू करावें, दुपारीं माजघरांत ठेवावी, व कुंडीभोंवतीं ओलें पोतें गुंडाळावें. उन्हाळा निभावला तर फूल मिळेल. न निभावला तरी पानांवर जोपासलेला कंद पुढील वर्षासाठीं उरेल.

वाढ करण्याची रीत इतकी सोपी आहे कीं, कंद दरवर्षीं विकत घेण्याचें कारणच नाहीं. श्रावणांत निरोगी, पुरतें वाढलेलें पान इंच-सव्वा इंच देंठासह कापावें, देंठ ओल्या वाळूंत तिरपा खोंवावा, व वर कांचेचा पेला उपडा घालावा. चार-सहा आठवड्यांत देंठाच्या टोकाशीं मुळ्या व वाटाण्याएवढा कंद तयार होतो. पुढें पान सुकून जातें. यानेंहि घाबरून वाळू फेंकून देऊं नये, कारण ज्यासाठीं खटपट केली तें खालींच आहे. दुसरी रीत अशी कीं, पान पालथें करून त्याच्या जाड शिरा तीन-चार ठिकाणीं धारदार पात्यानें छेदाव्या, आणि तें पान सुलटें करून ओल्या वाळूवर पसरावें व लहान खड्यांनीं दाबावें. प्रत्येक छेदाशीं एक कंद धरतो. पानापासून केलेलें झाड मूळ झाडासारखेंच फूल देतें. बियांचें तसें नाहीं. संकरित झाडाच्या बियांतून नाना रंग निघतात, आणि बी तर तंबाखूच्या बियांहून बारीक, नुसत्या धुळीसारखें. तें मातीनें झांकूं नये, कारण त्यास रुजावयास उजेड लागतो. ओलसर चाळलेल्या मिश्रणावर पेरून वर कांच ठेवल्यास दोन-तीन आठवड्यांत उगवतें, आणि सहा-सात महिन्यांत फुलास येतें. हौस व चिकाटी असणारांनीं हें करावें. इतरांनीं पानावरच भागवावें.

किडींपैकीं फुलकिडे व कोळी हे मुख्य. कोंवळा शेंडा आखडून कडक व तपकिरी झाला तर कोळी समजावा. असें झाड इतरांपासून दूर करावें, व फारच बिघडलें असल्यास जाळून टाकावें. फुलकिडे पानांवर रुपेरी ओरखडे उठवितात, आणि विषाणूहि पसरवितात. पानांवर वलयें उमटलेलें झाड ठेवूं नये व त्याचें पानहि लावूं नये. त्यावर औषध नाहीं. पाने लवदार असल्यामुळें तेलकट फवारे त्यांस सोसत नाहींत. निंबोळी अर्क द्यावयाचाच तर संध्याकाळीं, आधीं एका पानावर पाहून द्यावा. सडीस औषधापेक्षां कोरडा हात अधिक उपयोगी. नव्या मिश्रणांत ट्रायकोडर्मा मिसळल्यास मदत होते.

विक्रीसाठीं हें झाड करावें काय, असें विचारणारे असतील. शहर जवळ आहे, घरांत काळजी घेणारें माणूस आहे, आणि छप्पर व जाळीची सावली आयती आहे, अशानें पंचवीस-तीस कुंड्या करून पाहाव्या. गणपतीच्या दिवसांत फुललेल्या कुंडीस गिऱ्हाईक शोधावें लागत नाहीं. परंतु शेताचें एखादें पीक काढून त्याच्या जागीं हें घालावें असें आम्ही कोणासहि सुचविणार नाहीं. यांत भांडवल थोडें लागतें, पण लक्ष फार लागतें. एका आठवड्याच्या पाण्याच्या चुकीनें सर्व कुंड्या एकदम जातात. शिवाय पानें व देंठ कांचेसारखे ठिसूळ असून गाडीच्या धक्क्यानें मोडतात. फुललेली कुंडी दूर पाठविण्यापेक्षां पौषांत झोंपलेला कंद कोरड्या भुशांत गुंडाळून पाठवावा. तो पोस्टानें हजार मैल सुखरूप जातो. त्याच्याबरोबर रंगाची चिठ्ठी आणि वरची बाजू कोणती, तें लिहिण्यास विसरूं नये.